ताईंनी ‘कृपया’ म्हटलं तो दिवस

राजधानीतल्या ट्रंक एक्सचेंजमध्ये, परगावचे फोन जोडून देणाऱ्या कचेरीत, माझी खुर्ची ताईंच्या डाव्या हाताला होती. नऊ वर्षं तिथं बसून मी जेवढ्या शिव्या ऐकल्या, तेवढ्या भाजीबाजारातही ऐकल्या नसतील. त्यातल्या निम्म्या मला होत्या.

तेव्हा सरकारचा हुकूम आधी फोनवरून जायचा, कागद मागाहून. रोज सकाळी दहा वाजता ताई सतरा जिल्ह्यांच्या कचेऱ्यांना एकेक करून फोन लावायच्या आणि हुकूम वाचून दाखवायच्या. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हेच केलं. जिल्ह्यांतल्या ऑपरेटरांनी त्यांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज झोपेतसुद्धा ओळखला असता. ताईंना ‘नमस्कार’ हा शब्दच माहीत नसावा. पलीकडे फोन उचलला की, “मेलास का रे? तीन घंटा झाल्या!” इथून सुरुवात. नदीकाठच्या जिल्ह्यातला ऑपरेटर झोपाळ्या, खाणींकडचा ठोंब्या, मी मठ्ठ. आम्हीही पाठीमागे त्यांना चाबूक म्हणायचो. शिवी घालून झाली की मात्र ताई हमखास विचारायच्या, “बायकोचा ताप उतरला का?”

त्या विचारण्याकडे माझं लक्ष नव्हतं. मला फक्त शिव्या ऐकू यायच्या. तीन वर्षांपूर्वी एकदा असह्य झालं आणि मी लेखी तक्रार दिली : ‘सदर कर्मचारी सहकाऱ्यांशी व जिल्ह्यांतील ऑपरेटरांशी अत्यंत उद्धटपणे बोलतात.’ साहेबांनी ती ताईंना वाचायला दिली. ताई एवढंच म्हणाल्या, “अक्षर बरं आहे गं तुझं.” कागद त्यांच्या फायलीत गेला आणि आमचं पूर्वीसारखं सुरू झालं.

मग शत्रूचे सैनिक आले. पहाटे शहरात शिरले, आठला रेडिओ केंद्र घेतलं आणि साडेआठला आमचं एक्सचेंज. बाहेर जाणाऱ्या सगळ्या लाइनी त्यांच्या हातात होत्या, त्यामुळे शहर पडलंय हे शहराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. ताईंची थोरली लेक नदीपलीकडे राहायची, तिला सातवा महिना होता. जावई पुलावरच्या पहाऱ्यात होता. ताई हे सकाळपासून एकदाही बोलल्या नाहीत. हेडफोनची वायर तेवढी बोटाभोवती गुंडाळत होत्या.

सैनिकांचा अधिकारी कडक इस्त्रीतला, गोरागोमटा पोरगा होता. आपली भाषा तो व्याकरणाच्या पुस्तकातून शिकला असावा.

“तुमचे सैन्य नदीपलीकडे उभे आहे,” तो म्हणाला. “त्यांच्याशी लढत बसलो तर वर्ष जाईल. परंतु तुमच्या लोकांना राजधानीचे ऐकण्याची सवय आहे. राजधानीने ऊठ म्हटले की ते उठतात. म्हणून आम्ही प्रथम येथे आलो.”

त्याने ताईंपुढे एक कागद ठेवला. युद्धविराम झाला आहे, पुलांवरचे पहारे काढून घ्यावेत, दारूगोळ्याची कोठारं येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात द्यावीत. खाली आपल्याच मंत्रालयाचं नाव.

“मी नाही वाचणार,” ताई म्हणाल्या.

तो चिडला नाही. कपाट उघडून आमच्या फायली चाळत बसला. थोड्या वेळाने हसला आणि माझी तक्रार मोठ्याने वाचली.

“ही कोणी लिहिली?”

मी हात वर केला. “मी.”

“योग्य केलेत. असल्या तोंडाने मंत्रालयाचा हुकूम वाचतात?” तो ताईंकडे वळला. “आज सभ्यपणे बोलायचे. नमस्कार, कृपया, आभारी आहे. एकही वावगा शब्द गेला, तर गोळी यांना.” पिस्तूल माझ्यावर रोखलेलं होतं.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “बरं. तुम्ही म्हणाल तसं.”

माझ्यासाठी ताईंनी शेपूट घातली! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोळी घाला म्हणावं असं वाटलं, पण मी निमूट हेडफोन चढवला.

दहा वाजले. पहिला फोन नदीकाठच्या जिल्ह्याला. मी माझ्या हेडफोनवर ऐकत होते, अधिकारी त्याच्या.

“नमस्कार,” ताई म्हणाल्या. “आपण कसे आहात? कृपया एक हुकूम लिहून घ्यावा, ही नम्र विनंती.”

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

“ताई... तुम्हीच ना?” झोपाळ्याने विचारलं.

“होय, मीच बोलते आहे, दादा. आपल्याला त्रास दिल्याबद्दल क्षमा असावी.”

दादा! अठ्ठावीस वर्षांत ताईंनी त्याला माणूससुद्धा म्हटलं नव्हतं. तेव्हा कुठे माझ्या मठ्ठ डोक्यात प्रकाश पडला. ताईंच्या मानगुटीवर कुणीतरी बसलंय, हे झोपाळ्याला माझ्याआधी कळलं होतं.

त्याने हुकूम शब्दन्‌शब्द लिहून घेतला आणि हळूच म्हणाला, “लिहिलं, ताई. जपा.”

दुसरा जिल्हा, तिसरा जिल्हा. चौथ्यापासून पहिल्याच घंटेला फोन उचलला जाऊ लागला, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांमधल्या लाइनींवरून त्यांचं आपसात बोलणं झालं होतं. खाणींकडच्या ठोंब्याचा आवाज रडवेला होता. ताई प्रत्येकाला ‘आपण’ म्हणत होत्या, प्रत्येकाचे आभार मानत होत्या. अधिकारी खूश होता. “किती आज्ञाधारक लोक,” तो म्हणाला.

दुपारी चारला तो पायऱ्या धडाधड चढत आला. चेहरा पांढराफटक. त्यांचे ट्रक मोकळा पूल समजून गेले होते आणि पुलावर पहारा दुप्पट झाला होता.

“काय सांगितलेस तू त्यांना?”

“तुम्ही लिहून दिलंत तेच. तुमच्या देखत,” ताई म्हणाल्या. “आणि गोडसुद्धा बोलले. जन्मात पहिल्यांदा.”

दोघा सैनिकांनी दंडाला धरून ताईंना नेलं. अधिकाऱ्याने मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. “तुम्ही समंजस आहात. हुकूम खरा आहे म्हणून सांगा.”

खुर्ची अजून गरम होती. मी प्लग लावला. झोपाळ्याने पहिल्याच घंटेला उचललं. मी आयुष्यात कुणाला अरे म्हटलं नव्हतं.

“मेलास का रे झोपाळ्या?” मी ओरडले. “शहर पडलंय! ताईंना नेलंय! काहीही कानावर येवो, पूल सोडू नका, कोठारं सोडू नका, राजधानीचं ऐकू नका—”

अधिकाऱ्याने वायर उपटली. मला गोळी का घातली नाही, कोण जाणे.

अकरा महिने त्यांनी आमचं शहर दाबून ठेवलं. मंत्र्यांच्या खुर्च्यांत बसले, आमच्या टेबलांवरून रोज हुकूम सोडले. सतरापैकी एकाही जिल्ह्याने ते ऐकले नाहीत. शेवटी आले त्याच रस्त्याने गेले.

ते अकरा महिने आम्ही दोघींनी तुरुंगात काढले. त्या पहिल्या संध्याकाळी मला कोठडीत ढकललं, तेव्हा पलीकडून ओळखीचा खोकला ऐकू आला. मी भिंतीला तोंड लावून घडलेलं सगळं सांगितलं.

“मठ्ठ ती मठ्ठ!” भिंतीतून आवाज आला. “एवढं भाषण ठोकायला कुणी सांगितलं होतं? पूल सोडू नका, एवढ्यात भागलं असतं की!”

मी रडत होते आणि हसत होते.

“काही खाल्लंस का गं?” ताईंनी विचारलं.