सासूची गोधडी काचेत

जिल्हा तुटला, नवेगावचा तलाव गोंदियाकडे गेला, आणि तेव्हापासून भंडाऱ्याच्या शिकल्यासवरल्या माणसांना एकच घोर लागला: पाहुण्यांना आता दाखवायचं काय? तुमसरच्या काही हौशी मंडळींनी तो मिटवला. बंद पडलेल्या राइस मिलच्या गोदामाला रंग मारला आणि तिथे गोधड्यांचं अन् शिलाईचं संग्रहालय काढलं. जुन्या शिलाई मशिनी, गंजलेल्या कात्र्या आणि काचेच्या कपाटांत गोधड्या. चला, पांघरायची वस्तू बघायची झाली, म्हणजे प्रगतीच म्हणायची.

आमच्या ह्यांना अशा कामात पुढे पुढे करायची भारी हौस. जवाहरनगरला दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहून देशाची सेवा चाललीच होती, आता संस्कृतीची करायची होती. एका पौर्णिमेला सासूबाई विहारात गेल्या आणि ह्यांनी दिवाणावरची त्यांची गोधडी उचलून थेट तुमसर गाठलं. शिवली मायनं, 'दाता' म्हणून नाव लागलं लेकाचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, आमचा नागोबा रोज फॅक्टरीच्या बसनं ड्यूटीवर जातो.

सासूबाई परतल्या तर ह्यांनी मोठ्या तोऱ्यात नवंकोरं ब्लँकेट पुढे केलं. त्यावर वाघाचा हा एवढा जबडा. सासूबाई म्हणाल्या, "वाघ अंगावर घेऊन झोप लागते का रे बाबू?" त्या गोधडीच्या आतला थर सासऱ्यांच्या धोतरांचा. सासरे गेले त्या वर्षी त्यांनी ती शिवली, आणि तिच्याशिवाय त्यांचा डोळा लागत नसे. आता त्या दिवाणावर नुसत्या बसून राहू लागल्या, भिंतीला टेकून.

माझं आणि त्यांचं कधी फार जमलं असं नाही. माझ्या वरणात मीठ कधी कमी, कधी जास्त, बरोबर म्हणून कधी पडलंच नाही. पण ते बसून राहणं मला बघवेना. मी ह्यांना म्हटलं, गोधडी परत आणा. तर म्हणे, "दिलेलं दान कोणी परत मांगते का? माही इज्जत जाईन ना!" अरे वा रे इज्जत! मायची झोप गेली ती चालते. शेवटी मीच दोघांना घेऊन एसटीत बसले.

संग्रहालयात जिकडेतिकडे 'हात लावू नये'च्या पाट्या. खादीचा कुडता घातलेले संचालक हात जोडून आले. गोधडी म्हणजे मायेची ऊब, असं त्यांनी कूलरपुढे उभं राहून आम्हाला समजावलं. मग आवाज हळवा करून म्हणाले, "आम्ही फक्त दिवंगत मातांच्याच गोधड्या ठेवतो. शेवटची आठवण असते ती."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे छताचा पंखा बघू लागले.

सासूबाई तोवर आपल्या गोधडीच्या कपाटापाशी पोचून त्यावरची पाटी वाचू लागल्या होत्या. प्रौढांच्या वर्गात शिकलेल्या, त्यामुळे वाचतात ते एकेक अक्षर लावून आणि मोठ्यानं. "का... ल... कथित." आमच्या बौद्ध घरांत मेलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात ते. पुढे त्यांचं स्वतःचं नाव होतं. तेही त्यांनी तसंच वाचलं, शेवटच्या अक्षरापर्यंत.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "जित्या मायले मारून टाकलं तुम्ही?"

"मी नाही म्हटलं तसं," हे पुटपुटले. "तेच म्हणाले, वाईट झालं. मी फक्त... गप राहिलो."

म्हणजे ह्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली आणि तिकडे बाई वारली! घरी चहात साखर कमी पडली तर सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल एवढा आवाज आहे ह्या माणसाचा.

संचालक घामाघूम. "आजी, माफ करा, पाटी आत्ताच्या आत्ता बदलतो!"

"पाटी कायले बदलता?" सासूबाई म्हणाल्या. "कपाट उघडा."

नोंद झालेली वस्तू बाहेर देता येत नाही, असं काहीतरी ते सुरू करणार होते. मी म्हटलं, "तुमचाच नियम आहे ना मेलेल्यांचा? ही बाई जिती उभी आहे तुमच्यापुढे. का आम्ही इथंच थांबू, त्या मरेपर्यंत?" मग मात्र किल्ली लगेच सापडली.

सासूबाईंनी गोधडी छातीशी धरली. तिला डांबरगोळ्यांचा वास मारत होता. तरी त्यांनी त्यात तोंड खुपसलं, आणि मग पहिल्यांदाच लेकाकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं.

"लोक वाईट झालं म्हणाले, तवा तुले बी वाटलं का रे बाबू? थोडंसं तरी?"

परतीच्या एसटीत ह्यांनी मायसाठी खिडकीची जागा धरली होती. सासूबाई ती ओलांडून मागे आल्या आणि माझ्याजवळ बसल्या.