निकाल खालून वाचणारी

विजया देसाई गेल्याची बातमी मला शाळेच्या जुन्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. तिच्या फोटोखाली शाळेनं लिहिलं होतं, 'शंभर टक्के निकालाची परंपरा घडवणाऱ्या आमच्या सुपरवायझर'. मी आधी रडले आणि मग चिडले. त्याला आता दीड महिना झाला. इरा, निहार, तुम्ही तिला 'देसाई आजी' म्हणत होतात, म्हणून तुमची ही आजी तुमच्यासाठी हे लिहिते आहे. आईकडून वाचून घ्या.

आमची शेवटची भेट तुमच्याच निमित्तानं झाली. तुमचे बाबा अमेरिकेत घर बघत होते आणि त्यांनी मला तिथल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सरकारी शाळांची माहिती पाठवली होती. कुठल्या हायस्कूलमध्ये किती टक्के मुलं पास, किती गोरी, किती काळी, किती आशियाई, कितीजणांना शाळेतलं जेवण फुकट. विजयानं चष्मा पुसून माझा फोन हातात घेतला.

"हे सगळं घर घेण्यासाठी?"

"अगं, चांगल्या शाळेच्या हद्दीत घर हवं ना."

"मग ह्या सगळ्यात खालच्या शाळेत कोण जातं?"

"ज्यांना वरच्या हद्दीतलं घर परवडत नाही ते."

"म्हणजे आपली शारजाची बस," ती म्हणाली आणि फोन टेबलावर उपडा ठेवला...

शारजाची बस म्हणजे काय, ते सांगते. आमची शाळा दुबईत, अल कुसैसला. मी इंग्रजी शिकवायची, विजया गणित. बरे पगार असलेल्यांची मुलं शाळेजवळच्या बिल्डिंगांतून चालत यायची. ज्यांना दुबईचं भाडं झेपायचं नाही, ते शेजारच्या शारजाला राहायचे आणि त्यांची मुलं अंधारात उठून, ट्रॅफिकमध्ये पेंगत शाळेत पोचायची. दहावीच्या बोर्डाला नावं पाठवायच्या आधी, नववीतच, शाळा कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावून घ्यायची. चहा द्यायची आणि गोड बोलून सांगायची, दाखला घ्या, बाहेरून परीक्षा द्या. अशी मुलं गेली की उरलेल्यांचा निकाल शंभर टक्के. निकाल चांगला की सरकारी तपासणीत शेरा चांगला, शेरा चांगला की फी वाढवायला मोकळीक. एका वर्षी सुपरवायझर म्हणून ते गोड बोलण्याचं काम विजयाकडे आलं. बाहेर बाकावर बसलेल्या पालकांकडे बघून ती मला म्हणाली, "सुधा, ह्यांतला एकही माणूस चालत आलेला नाही गं."

त्यांत नववीतल्या शाहीनचे वडील होते. रत्नागिरीकडचे, गॅरेजमध्ये कामाला. "मॅडम, पोरीला काढू नका," ते म्हणाले. "गावाला शाला लांब हाय. एकदा गेली का परत येनार नाय ती." विजयानं दाखला लिहिला नाही. प्रिन्सिपॉलनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मी वह्या द्यायला गेले होते, म्हणून ऐकलं.

"मॅडम, एक बच्ची के लिए पूरे स्कूल का रिझल्ट?"

"सर, स्कूल में वो बच्ची भी आती है ना?"

"आप इमोशनल हो रही हैं."

"जी. बस में आप भी एक दिन बैठिए, आप भी हो जाएँगे."

शाहीन शाळेतच राहिली. विजयानं तिला वर्षभर मधल्या सुट्टीत गणित शिकवलं, डबा समोर उघडा ठेवून... आणि शाहीन गणितात नापास झाली. शाळेचे शंभर टक्के मोडले ते त्या वर्षी, आणि ते विजयानं मोडले. पुरवणी परीक्षा आहे, तिला बसू द्या, म्हणून ती शाहीनच्या वडिलांच्या गॅरेजपर्यंत गेली. "खलास, मॅडम," ते म्हणाले. "आता लोकांना काय तोंड दाखवू?" मायलेकी गावी गेल्या. पुढच्या वर्षी विजयाचं सुपरवायझरपद गेलं आणि तिला तिसरी-चौथीचे वर्ग मिळाले.

पद गेल्याचं तिला काही वाटलं नाही. तिला छळत राहिला तो दुसराच प्रश्न. "दाखला दिला असता तर ती बाहेरून बसली असती," ती म्हणायची. "सावकाश सुटली असती एकेका विषयातून. चारचौघांत नापास झाली नसती. मी तिच्यासाठी भांडले, की शाळेशी भांडायचं होतं म्हणून तिला पुढे केलं?" मी म्हणायचे, तू बरोबर केलंस. ती मान हलवायची, पटल्याची नव्हे, विषय संपवल्याची. मला आजही उत्तर ठाऊक नाही, आणि तुम्हाला खोटं सांगणार नाही.

त्यानंतर तिनं एक सवय लावून घेतली. दहावीचा निकाल लागला की सगळे वरून वाचायचे, ती खालून वाचायची. स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टीलच्या स्टुलावर बसून सर्वांत कमी गुण मिळालेल्यांना आधी फोन करायची. पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलीस का?" पण त्याही आधी, दर वर्षी, ती शाहीनचा गावचा नंबर लावायची. वडिलांकडून मागून घेतला होता. शाहीननं तो फोन कधीच उचलला नाही. "नंबर बदललेला नाही तिनं," एवढंच विजया म्हणायची आणि पुढच्या मुलाकडे वळायची.

गेल्या आठवड्यात यंदाचा निकाल लागला. विजयाचे यजमान मनोहरराव एकटे असतील म्हणून मी गेले. तिचा फोन त्याच स्टुलावर चार्जिंगला लावलेला होता आणि एकसारखा वाजत होता. "सकाळपासून चाललंय," मनोहरराव म्हणाले. "तिच्या जुन्या वर्गातल्या कुणाला तरी ती गेल्याचं ठाऊक नसेल. मी काय सांगू त्यांना?"

मी फोन हातात घेऊन स्टुलावर बसले. तो वाजायचा थांबल्यावर त्याच्यावरूनच आधी शाहीनचा नंबर लावला. रिंग गेली. पूर्ण वाजू दिली, विजया द्यायची तशी. कुणी उचललं नाही. पण नंबर बंद नव्हता... तिकडे कुणीतरी तो फोन अजून चार्ज करतं आहे.

मी फोन ठेवला तोच तो पुन्हा वाजला, आणि मी घेतला. पलीकडे एक मुलगी नुसती हुंदके देत होती.

"जेवलीस का गं?" मी विचारलं.