आबा कंडक्टरांची खुर्ची

मी गाव सोडलं तेव्हा मला पोचवायला अख्खी वाडी एसटीपाशी लोटली होती, असं मी मुंबईत बारा वर्षं सांगत आलो. गाववाल्यांनो, तुम्हाला खरं ठाऊक आहे. आमच्या वाडीत वस्तीला राहणारी ती सकाळची सावंतवाडी गाडी, आणि सगळी गर्दी आबा कंडक्टरांभोवती. कोणी डॉक्टरची चिठ्ठी देत होतं, कोणी मिक्सरचं भांडं दुरुस्तीला, कोणी लेकीसाठी कोकम सोलांची पिशवी. माझ्याशी एकटी आई बोलली, तीही "डबो सांडू नको" एवढंच.

मी रुबाबात तिकीट मागितलं, मुंबईचं. आबा शांतपणे म्हणाले, "माझी गाडी सावंतवाडीपर्यंत. पुढे तुझो तू."

पुढे माझा मी मालिकांच्या धंद्यात शिरलो. कलाकारांच्या तारखा सांभाळायच्या आणि त्यांना वेळेवर सेटवर हजर करायचं. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर या कामाचं लांबलचक इंग्रजी नाव आहे. आईनं वाडीत सांगितलं, "तो नटांका उठवता." याहून नेमकं वर्णन आमच्या ऑफिसातही कोणाला जमलेलं नाही.

पण एकदा तरी वाडीनं माझ्यासाठी जमावं, ही हौस काही जाईना. गेल्या वर्षी आईचा फोन आला. देवळाच्या वर्धापनदिनाला सत्कार ठेवलाय, एखादा नट मिळतो का बघ. सत्कार कोणाचा, हे मी विचारलंच नाही. आमच्या धंद्यात नट बोलावला की सत्कार त्याचाच असतो.

मालिकेतल्या हीरोला मी चक्क वेळेवर आणला. मंडपात प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मधोमध एकच मखमली खुर्ची. मी त्याला थाटात तिच्यावर बसवलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग देवळाचे मानकरी म्हातारे गावकर पुढे आले आणि कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "साहेब, आपण जरा बाजूला बसावं. ही आबांची खुर्ची आहे. ते साडेपाचच्या गाडीनं येतील."

तेवढ्यात हॉर्न वाजला आणि मंडप रिकामा झाला. हीरो, मी आणि एक कुत्रं उरलो. आबांची ती निवृत्तीआधीची शेवटची फेरी होती. वाडीत हे कुत्र्यालाही माहीत असावं, मला नव्हतं.

"हे आबा कोण?" हीरोनं विचारलं. मी सांगायला लागलो तसं मलाच आठवत गेलं. बाबांच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांची औषधं दर आठवड्याला आबांनी सावंतवाडीहून आणली होती. ती दोन वर्षं मी नटांना उठवत होतो. मला लाज वाटली.

आबांना खुर्चीत बसवून गावकरांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या आबान आमची औषधां हाडली, पोरांका शाळेत पोचवल्यान, तेका सुखी ठेव रे म्हाराजा." सगळी वाडी म्हणाली, "व्हय म्हाराजा." हीरोही म्हणाला, आणि सेटवर म्हणतो त्यापेक्षा बरं म्हणाला. त्यानं शाल घातली तेव्हा आबांनी त्याला आपुलकीनं विचारलं, "तुमी काय करतास?"

हीरो संध्याकाळीच मोटारीनं परतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच वस्तीच्या गाडीत बसलो. कंडक्टर नवीन, गर्दी जुनीच. आता गर्दीत आबाही होते. त्यांनी खिडकीतून माझ्या हातात शेजारच्या काकींची औषधाची चिठ्ठी दिली. "नव्याक दुकान म्हायत नाय. तू घे आणि परतीच्या गाडयेक दी."

सावंतवाडीत औषधाचं दुकान उशिरा उघडलं. औषध घेऊन परतीच्या गाडीत देईपर्यंत माझी मुंबईची ट्रेन निघून गेली. घर म्हणजे काय असं आता कोणी विचारलं, तर मी त्या चिठ्ठीबद्दल सांगतो. बारा वर्षांत वाडीनं प्रथमच माझ्यावर काही सोपवलं होतं, आणि मी स्टँडच्या बाकावर बसून एकटाच हसत होतो.

मुंबईत दुसऱ्या दिवशी हीरो सेटवर तीन तास उशिरा पोचला. उठवायला कोणी नव्हतं.