मागून लाईट मारली की थांबायचं

कराड तालुक्यातल्या निम्म्या बायका आमच्या गाडीत बसून रडल्यात. गैरसमज नको. अब्बांची काँटेसा लग्नाला जायची, नवरीची गाडी म्हणून. लांबलचक बॉनेट, पांढरा रंग, मागं सोफ्यासारखी ऐसपैस सीट. ज्याच्या मांडवाबाहेर आमची काँटेसा उभी, त्याचं लग्न म्हणजे लग्न. बाकीच्यांची नुसती जेवणं. हे अब्बांचं मत. मी आपलं सांगितलं.

गाडी चालवायला मी त्यांच्या शेजारी बसूनच शिकलो. त्यांचे नियम होते आणि ते मोडायची कुणाची टाप नव्हती. नवरी रडतेय तोवर दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही. वेशीपर्यंत तर माणसाच्या चालीनं, कारण आई, मावश्या, आत्या खिडकीला धरून चालत असतात आणि त्यांचा हात आपण सोडवायचा नाही, त्यांनी सोडायचा. लग्न हिंदूंचं असो की आमच्यातलं, नियम एकच.

दुसरा नियम वऱ्हाडाच्या सगळ्या गाड्यांना. मागच्या गाडीनं लाईट मारली की पुढच्यानं बाजूला घेऊन जागेवर थांबायचं. का, तर मागं कोणीतरी राहिलेलं असतं. तेव्हा मोबाईल कुठले. मामा पान आणायला उतरायचा आणि बस निघून जायची. करवल्या तर हमखास राहायच्या. एकदा उंब्रजला चहाला थांबलो तेव्हा खुद्द नवरदेवाचा बाप राहिला, आणि मुलीकडच्यांना वाटलं व्याही रुसला. अब्बा म्हणायचे, "लाईट दिसली की विचार करायचा न्हाई. आदी थांबायचं, मग विचारायचं कोण राह्यलं." घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण गाडीचा विषय निघाला की अब्बा मराठीतच बोलतात. गाडी ते रस्त्यावर शिकले आणि रस्त्याची भाषा तीच, म्हणून असेल.

मग लग्नांना मोठमोठ्या उंच गाड्या यायला लागल्या. काँटेसाला कोण विचारतंय. ती कराडला लागून असलेल्या मलकापुरात माझ्या फरशीच्या दुकानामागं ताडपत्रीखाली जाऊन बसली. इंजिन जाम झालं, पत्र्याला गंज धरला. अब्बा रोज सकाळी ताडपत्री उचलून मागची सीट फडक्यानं पुसायचे आणि परत झाकायचे. भंगारवाला दोनदा येऊन बघून गेला. दोन्ही वेळेला अब्बांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

आता माझा एक दोस्त आहे, लष्करात गाड्यांच्या दुरुस्तीवर होता, आता पेन्शन घेतो आणि ऊस लावतो. त्याला सगळे फौजीच म्हणतात. ऊस आपोआप वाढतो, त्यामुळे याला उद्योग नसतो. एक दिवस चहा पिता पिता म्हणाला, "गड्या, ह्या गाडीत मोठं इंजिन घालू. लय पळंल." झालं. माझ्या डोक्यात जे शिरलं ते शिरलं. भंगार बाजारातून सहा सिलिंडरचं जपानी इंजिन आणलं, ते बसवायला बॉनेटखाली कापाकापी केली, ब्रेक बदलले, रुंद टायर घातले, गाडी उलटली तरी जीव वाचावा म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड केला. कागदपत्रं रीतसर करून घेण्यात जी चप्पल झिजली ती वेगळीच. पण इंजिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा दुकानातल्या फरशा थरथरल्या. गिऱ्हाईक पळून गेलं, मी मात्र तिथंच उभा राहून वेड्यासारखा हसत होतो.

आवाज ऐकून अब्बा बाहेर आले. बॉनेटकडं त्यांनी बघितलंही नाही. मागचं दार उघडलं. आत नुसता पत्रा.

"सीट कुठं हाय?"

"काढली. वजन कमी व्हावं म्हणून."

अब्बांनी त्या पत्र्यावरून एकदा हात फिरवला. मग दार हळूच लावलं. हे दार ते कधी आपटायचे नाहीत, त्या दिवशीही आपटलं नाही.

"मंग ही गाडी न्हाई राह्यली. ह्यात मी बसणार न्हाई."

आणि बसले नाहीत. शुक्रवारी नमाजला निघाले की मी गाडी काढून दारात उभा, आणि हे शेजारून जाऊन रिक्षाला हात करणार. माझं टाळकं सणकायचं. अरे, भंगारात जाणारी गाडी मी जगवली आणि वर मीच गुन्हेगार? सीट काय मी विकून खाल्ली होती? दुकानाच्या माळ्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली होती. दोनदा मी ते तोंडावर बोललोसुद्धा. पण खरं सांगू का, आत कुठंतरी जीव तुटायचा. अब्बांचं वय झालंय. त्यांनी एकदा, फक्त एकदा या गाडीत बसावं, एवढंच मला पाहिजे होतं. पळवायचं वेड होतं ते होतंच, पण ते नंतर.

त्या सीटमध्ये त्यांचं काय अडकलंय हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. माझी धाकटी बहीण सांगलीला दिली. तिच्या लग्नात सगळे म्हणाले, आज तरी ड्रायव्हर दुसरा घ्या, मुलीचा बाप आहात. अब्बांनी स्टिअरिंग सोडलं नाही. मी त्यांच्या शेजारी होतो. कराड सोडलं, इस्लामपूर आलं, बहीण रडायची थांबेना आणि अब्बा दुसरा गिअर सोडेनात. मागं वऱ्हाडाची रांग लागली, शिव्या आम्हाला आरशात दिसत होत्या. आष्ट्याच्या पुढं ती रडून रडून झोपली, तेव्हा कुठं तिसरा पडला. एवढा वेळ अब्बा फक्त आरसा पुसत राहिले. आरसा स्वच्छ होता.

तर ट्रॅकची गोष्ट. विट्याच्या पुढं, पवनचक्क्या दिसतात त्या माळावर कुणी हौशी माणसानं गाड्या पळवायला वळणावळणाचा रस्ता बांधलाय. भाडं भरायचं, हेल्मेट घालायचं आणि दिवसभर आपली गाडी पाहिजे तशी पळवायची. शर्यत नाही, बक्षीस नाही. पुण्या-कोल्हापूरची हौशी मंडळी येतात. थंडीतल्या एका रविवारी फौजी आणि मी पहाटेच निघालो. कारखाने सुरू होते, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं सरपटतच विट्यापर्यंत गेलो. फौजी म्हणाला, "आज पळवायला चाललोय का वरातीला?"

निघायच्या आधी बहिणीचा सांगलीहून फोन आला. अब्बा आठवडाभर तिच्याकडंच होते. म्हणाली, "भाई, अब्बांना माळावरचं वारं खायचंय म्हणे. आम्ही येतो डबा घेऊन." मागून अब्बांचा आवाज आला, "गाडी बगायला न्हाई म्हणावं. वाऱ्याला."

तिथं पोचलो तर काय एकेक गाड्या. जमिनीला पोट घासतंय असल्या. त्यांचे मालक गॉगल लावून कॉफी पीत उभे. आमच्या काँटेसाभोवती मात्र गर्दी झाली, एक-दोघांनी बॉनेटवरून हातसुद्धा फिरवला. माझी कॉलर ताठ. मग सूचना सुरू झाल्या. टोपी घातलेली एक पोरगी तिथली व्यवस्था बघत होती, पंचविशीची असेल, आवाज असा की फौजीनंही पोट आत घेतलं. कुठला झेंडा म्हणजे काय, कुणी मागून आलं तर हातानं बाजू दाखवून वाट द्यायची, हे सगळं तिनं नीट सांगितलं. मी ऐकत होतो, पण डोळा फाटकाकडं होता. सांगलीची गाडी अजून दिसत नव्हती.

पहिल्या दोन फेऱ्या मी चाचपडत काढल्या. तिसरीत सरळ रस्त्यावर पाय दाबला आणि या बयेनं अशी काही उडी घेतली की माझ्या तोंडून "या अल्ला" निघालं. पवनचक्क्या एका बाजूनं सपासप मागं जायला लागल्या. वळणावर मागचं टोक जरा घसरलं, मी सावरलं, ते परत घसरलं, मी परत सावरलं. साठीकडं झुकलेला माणूस मी, गुडघे दुखतात, डॉक्टरनं साखर सोडायला सांगितलीय, आणि हेल्मेटच्या आत एकटाच खिदळतोय.

आणि मागून लाईट चमकली. दोनदा.

मी विचारच केला नाही. पायानं आपोआप ब्रेक दाबला, डावीकडचा सिग्नल दिला, गाडी बाजूला घेतली आणि भर ट्रॅकवर उभी केली. शिवाय काच खाली करून मान बाहेर काढली आणि विचारलं, "कोण राह्यलं?"

मागं पिवळी गाडी होती. ती टायर किंचाळवत माझ्या शेजारून कशीबशी निघून गेली. नशीब बलवत्तर म्हणून पत्र्याला पत्रा लागला नाही. सगळीकडं लाल झेंडे फडकले, सगळ्या गाड्या थांबवल्या. ती टोपीवाली पोरगी तणतणत आली.

"सर, ट्रॅकवर थांबायचं नसतं. गाडी बंद पडली का?"

"न्हाई. लाईट मारली ना त्यानं."

"म्हणजे त्याला पुढं जायचं होतं."

"आमच्यात लाईट मारली म्हंजे कोणतरी मागं राहिलेलं असतं."

तिनं फाटकाकडं बोट दाखवलं. "आता जेवणाच्या सुट्टीपर्यंत तुम्ही बाहेर. परत असं झालं तर गाडी घरी न्यायची." बाहेर आलो तर पिवळ्या गाडीवाला उभाच होता. म्हणाला, "काका, झोप लागली होती का?" माझा पारा चढला. त्याला दोन शब्द सुनावणार, तोवर फौजीनं दंड धरला आणि मला कुंपणाकडं ओढत नेलं.

कुंपणापाशी डबा घेऊन बहीण उभी होती आणि तिच्या शेजारी अब्बा. म्हणजे त्यांनी सगळं बघितलेलं. मला वाटलं, आता झालं. आधीच गाडी आवडत नाही, त्यात ही शोभा. अब्बांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं आलेल्या त्या पोरीकडं.

"पोरी, त्याला काय बोलू नको. त्याला मी शिकवलंय. लाईट मारली की थांबायचं. पुढं जायचं असंल तर हॉर्न द्यावा मानसानं." आणि मग माझ्याकडं वळून, अगदी हळू, "माझं समदं इसरलास वाटलं हुतं."

बहिणीनं डब्याचं झाकण उघडायला घेतलं, ते तिला लवकर उघडेना. त्या पोरीचा आवाज एकदम खाली आला. म्हणाली, "आजोबा, शेवटच्या वेळात सोबत एकाला बसवता येतं. मोकळं मोकळं फिरायचं, घाई नाही. बसणार का?"

फौजी उगाच आभाळाकडं बघायला लागला.

"ते डोक्यात घालावं लागंल?" अब्बांनी विचारलं.

चारच्या सुमारास अब्बांनी टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली आणि हेल्मेट घालून घेतलं. गाडीपाशी आले. आधी मागचं दार उघडलं, आतल्या पत्र्याकडं बघितलं, हळूच लावलं. मग पुढं माझ्या डाव्या हाताला येऊन बसले. जिथं मी बसायचो तिथं. फौजीनं पट्टे आवळले तशी म्हणाले, "आरं, मी पळून चाललोय का?"

मी गाडी काढली आणि दुसऱ्या गिअरवर ठेवली. काय सांगू, इतकी सांभाळून मी मागं नवरी असतानाही चालवली नसेल. वळणं अशी घेतली की खिशातली टोपी हलू नये. एकेक गाडी आम्हाला ओलांडून गेली, पिवळीसुद्धा. त्या पोरीनं सांगितल्याप्रमाणं मी हातानं बाजू दाखवत राहिलो. कुंपणापाशी बहीण हात हलवत होती. एक फेरी झाली, दुसरी सुरू झाली. मला वाटलं उतरल्यावर सीटचंच बोलतील. मनात ठरवलंही, उद्या माळ्यावरून सीट काढतो, परत बसवतो, वजन वाढलं तर वाढू दे.

सरळ रस्त्याला लागलो तसा अब्बांनी हात वर केला आणि आरसा आपल्याकडं वळवून घेतला. बराच वेळ त्यात बघितलं.

"मागं कोण रडतंय का रं?"

"न्हाई, अब्बा."

"मंग दुसऱ्यात काय चाललायस? हान की."

आणि त्यांनी आरसा परत माझ्याकडं फिरवून दिला. मी तिसरा टाकला.