सविताचा पासवर्ड

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. माहेर उदगीरचं, गळ्यात इष्टलिंग आहे, रोज पूजा करते... पण करणी, अंगात येणं — छे! कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा ठेवते. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

नांदेडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे. काही सेंटरवाले सगळ्या गिऱ्हाइकांना एकसारखाच पासवर्ड देऊन मोकळे होतात — नाव आणि पुढे वन टू थ्री. मला त्याची भयंकर चीड! माझ्याकडे ज्याचा त्यानं स्वतः टाकायचा. एका बोटानं टाका, अर्धा तास लागू द्या. तोवर मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून बसते. लोक हसतात. हसू देत की.

अर्धापूरची सविता अशीच आली होती. केळीच्या बागेत रोजानं जायची, नवरा नाही, शिक्षण चौथी. लेक पल्लवी लातूरला शिकत होती, तिच्या नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता. इंग्रजी अक्षरं तिनं पल्लवीच्या जुन्या पुस्तकावरून गिरवलेली. पासवर्डला वीस मिनिटं लागली, पण झाल्यावर बाईचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू!

"कुणाला सांगायचा नाही हं," मी बजावलं.

"मेले तरी न्हाई सांगत, मॅडम," ती हसून म्हणाली.

पंधरा दिवसांत ती गेली. ताप डोक्यात गेला म्हणे. दवाखान्याच्या गडबडीत तिचा मोबाइलही कुणीतरी लांबवला.

पुढं यादीत पल्लवीचं नाव लागलं. लॉगिन करून संध्याकाळी पाचपर्यंत प्रवेश पक्का करायचा, नाहीतर सीट गेली. पोरगी दुपारी माझ्यासमोर रडत उभी. सोबत गंगूबाई — सविताची मैत्रीण, दोघींनी वीस वर्षं एकाच बागेत केळीचे घड वाहिलेले. ओटीपी सविताच्या बंद नंबरवर जाणार. हेल्पलाइन कुणी उचलेना. पल्लवीचं नाव, गाव, जन्मतारीख घालून चार वेळा चुकलो. पाचव्यांदा चुकलं की चोवीस तास लॉक... चार वाजून गेलेले. खरं सांगते, त्या दिवशी मला माझ्याच नियमाचा राग आला. एकदा मागं वळून बघितलं असतं तर काय बिघडलं असतं?

तेवढ्यात गंगूबाई म्हणाली, "मॅडम, मला बसू द्या जरा."

"तुम्हाला वाचता येतं?"

"न्हाई."

मी भडकलेच. "अहो मावशी, शेवटचा चान्स आहे हा!"

पण पल्लवी डोळे पुसून म्हणाली, "बसू द्या मॅडम. आईच्या मागं मला मावशीच हाय."

गंगूबाईनं पदराला बोटं पुसली. केळीच्या चिकानं काळी पडलेली बोटं. कीबोर्डकडे बघून हळूच म्हणाली, "सवे, सांग गं. पोरीचं हाय."

आणि मी... सवयीनं कॅलेंडरकडे तोंड फिरवलं. पल्लवीनंही.

एक खट्. मग थांबून दुसरा. शोधाशोध नाही, घाई नाही. वळून पाहिलं तर चौकटीत काळ्या ठिपक्यांची रांग. मी एंटर दाबलं.

उघडलं! स्क्रीनवर पल्लवीचा फोटो!

प्रवेश पक्का करून प्रिंट काढली आणि मी गंगूबाईला धरलंच. कागदावर अक्षरं काढून दाखवली, एकही ओळखता आलं नाही. त्या वेबसाइटला पासवर्डात एक मोठं अक्षर आणि एक चिन्ह लागतंच; त्यासाठी शिफ्टचं बटण दाबून धरावं लागतं. "कुठलं बटन?" म्हणाली. सविता फॉर्म भरायला आली तेव्हा ही लेकीच्या बाळंतपणाला चाकूरला होती, आली ती मयतीलाच. तिच्याकडे मोबाइलही नाही.

"बोटं जाऊन राहिली, म्या जाऊ दिली. मला काय ठाव?"

मग प्रोफाइलमध्ये पल्लवीचा नंबर टाकला आणि नवा पासवर्ड मागवला. पल्लवी खुर्चीत बसली. मी काही बोलायच्या आत गंगूबाईनंच माझा दंड धरून मला कॅलेंडरकडे वळवलं. "पोरीचं पोरीला टाकू द्या." गंगूबाई रडत होती, पण मान अशी ताठ! माझीही ताठच होती.

काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. सविताचा पासवर्ड काय होता तेही ठाऊक नाही, कारण मी दोन्ही वेळा बघितलं नाही — आणि त्याचा मला अभिमान आहे.

निघताना मी गंगूबाईला म्हटलं, "सविता मला म्हणाली होती, मेले तरी कुणाला सांगत नाही."

गंगूबाई पायरीवर थांबली. "तुम्हाला म्हणली असंल," ती म्हणाली. "माझ्यापासून सवीनं कधी काई लपवलं न्हाई."