थांबलेल्या जहाजाचा कप्तान

नानाभाऊ गेले त्याच्या आदल्या दुपारी मी नंदुरबारच्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसले होते. ऑक्टोबरचं ऊन, खोलीत पंख्याची घरघर. बराच वेळ डोळे मिटून पडलेले माझे थोरले भाऊ एकदम जागे झाले, नाकावरचा मास्क बाजूला सारून घाबऱ्याघुबऱ्या आवाजात म्हणाले, "सुमन, वारा सुटना का वं?" वारा सुटला का, असं विचारत होते; बाहेर तर लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं. "नही सुटना, नानाभाऊ," मी म्हटलं. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. अख्खी उमर समुद्रावर काढलेला तो माणूस वाऱ्याला लहान मुलासारखा भीत होता... दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलाचा, योगेशचा फोन आला. त्याला आता दीड महिना होईल. त्यांची ती भीती कुठून आली, हे फारसं कुणाला ठाऊक नाही. मला आहे, कारण मी तिथे होते.

आमच्या धानोऱ्यात समुद्राशी कुणाचा संबंध नव्हता. कापूस, मिरची, आणि लांबचं गाव म्हणजे फार तर सुरत. अशा घरातला मुलगा मालवाहू जहाजांवर नोकरीला लागला आणि पुढे कप्तान झाला, याचं गावाला भारी अप्रूप. ते सुट्टीवर आले की ओट्यावर माणसं जमत, आणि फिरून फिरून गाडी टायटॅनिकवर येई. कप्तानाने काय केलं असतं तर ते जहाज वाचलं असतं? नानाभाऊंचं उत्तर कधी बदललं नाही. हिमनग समोर दिसल्यावर जहाज वळवायला नको होतं, सरळ आपटू दिलं असतं तर तगलं असतं, वगैरे चर्चा ते उडवून लावत. त्या सगळ्या शेवटच्या मिनिटाच्या गोष्टी. बर्फाचे इशारे दिवसभर येत होते, निर्णय तेव्हाच घ्यायचा होता. मग ते बोट उगारून सांगत, की त्याच रात्री, त्याच बर्फात, थोड्या अंतरावर दुसरं एक जहाज होतं. त्याच्या कप्तानाने बर्फ पाहिला आणि सकाळपर्यंत जहाज उभं ठेवलं. म्हणजे थांबता येत होतं! "त्यानी थांबाले पाहिजे व्हतं," हे त्यांचं शेवटचं वाक्य.

समोरचे बियाण्यांचे दुकानदार शांतिलालशेठ एकदा म्हणाले, "नानाभाऊ, थांबला असता आणि काही झालंच नसतं, तर? प्रवाशांनी त्याला भित्रा म्हटलं असतं."

"म्हणू द्या ना शेठ," नानाभाऊ हसले. "जिवंत माणसंच म्हणतील!"

निवृत्त होऊन ते गावी आले त्या वर्षी मी त्यांना माझ्या एका विद्यार्थिनीच्या लग्नाला घेऊन गेले. धडगावकडच्या आश्रमशाळेत मी बरीच वर्षं शिकवलं. मुलीचं गाव नर्मदेच्या काठी. धरणाचं पाणी मागे चढल्यापासून तिकडे जायचं तर बोटीनेच. जाताना पाणी शांत होतं, इंजिन मात्र मध्येच दोनदा बंद पडलं आणि बोटवाल्याने ते कसंबसं चालू केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी परतायला काठावर आलो तर वारा सुटलेला. मधल्या रुंद पात्रात पाणी काळं पडलं होतं, त्यावर फेस धावत होता. काठाला बांधलेली बोट दगडांवर धडाधड आपटत होती. वऱ्हाडातली पंधरा-वीस माणसं निघायला उभी होती, आणि झोळीत घालून आणलेली एक म्हातारी. तिला दम लागला होता. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तिचा मुलगा रायसिंग तिला पलीकडे, तिथून जीपने दवाखान्यात न्यायला निघाला होता.

बोटवाला पाण्याकडे बघत राहिला. मग नानाभाऊंकडे वळला. मोठ्या जहाजाचे कप्तान आले आहेत, हे एव्हाना गावभर झालं होतं. "सायेब, तुम्ही सांगा. जायाचं का?"

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.  मला त्या पाण्यात बसायचं नव्हतं आणि त्या म्हातारीचा श्वास ऐकवत नव्हता.

"भर पाण्यात इंजिन बंद पडलं तर?" नानाभाऊंनी विचारलं. बोटवाला इंजिनाकडे बघू लागला.

"फक्त आम्ही जातो, सायेब," रायसिंग म्हणाला. "माय आणि मी. बाकी कुणी नको."

नानाभाऊ पाण्याच्या कडेशी जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "इंजिन बंद पडलं की बोट लाटेला आडवी होणार. मग आत दोघं असोत की वीस, उलटणारच. वारा पडेपर्यंत कुणी जायचं नाही."

आम्ही खडकाच्या आडोशाला बसलो. म्हातारीचं डोकं मी मांडीवर घेतलं. नानाभाऊ एकसारखे पाण्यापर्यंत जात, परत येत, तिच्याकडे पाहत, पुन्हा जात. वारा पडत नव्हता. ती शिट्टी बारीक होत गेली... मग ऐकूच येईना. रायसिंगने तिच्या तोंडाजवळ हात धरला आणि तसाच धरून ठेवला.

दिवस कलताना पाणी निवळलं. तिला मधे ठेवून आम्ही सगळे त्याच बोटीने पलीकडे गेलो. सबंध वाटेत इंजिन एकदाही बंद पडलं नाही. मला आयुष्यात कशाची भीती वाटली असेल तर त्या सलग चालणाऱ्या इंजिनाच्या आवाजाची. नानाभाऊंकडे बघायचं धाडस मला झालं नाही. काठावर उतरल्यावर रायसिंग त्यांना एवढंच म्हणाला, "तू थांबवलं, सायेब." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर ओट्यावर टायटॅनिक पुन्हा निघालं नाही. एकदा शांतिलालशेठनी विषय काढला तर नानाभाऊ उठून आत गेले. घरातलं दार वाऱ्याने आपटलं तरी ते दचकत. ती म्हातारी पलीकडे पोचूनही वाचली नसती, असं धडगावचे एक डॉक्टर मला म्हणाले होते. मी ते त्यांना सांगितलं. "तुले काय मालूम? त्याले काय मालूम?" ते म्हणाले. मग त्यांनी त्या दुसऱ्या, थांबलेल्या जहाजाची उरलेली गोष्ट सांगितली. ओट्यावर ती त्यांनी कधीच सांगितली नव्हती. त्या जहाजावरच्या माणसांना लांब आकाशात टायटॅनिकने मदतीसाठी सोडलेले अग्निबाण दिसले होते. कप्तानाला सांगितलंही, पण जहाज जागचं हललं नाही. लोक त्याला मरेपर्यंत विचारत राहिले, की तू गेला का नाहीस. "बुडालेल्या जहाजाची चूक सगळ्या जगाला दिसते, सुमन. आपली बोट बुडाली असती, हे मी रायसिंगला कुठून दाखवू?"  

मागच्या आठवड्यात मी धानोऱ्याला होते. सकाळी दाट धुकं, अंगणातला हौदसुद्धा दिसेना. योगेशला गाडी घेऊन सुरतला जायचं होतं. वहिनी दारातच उभ्या राहिल्या. "धुकं जाऊ दे. मंग जाय." तो चिडून नानाभाऊंच्या खोलीत येऊन बसला. "आत्या, सगळं जग चाललंय. रस्त्यावर गाड्यांचे आवाज ऐका." मी म्हटलं, बस जरा. ऊन वर आल्यावर तो निघाला आणि मी त्या खोलीतच राहिले. खोलीत त्यांच्या औषधांचा वास अजून आहे, खुंटीवर सदरा आहे. नवापूर ओलांडल्यावर त्याचा फोन आला. वाटेत कुठे अपघातबिपघात काही नव्हता, म्हणाला. पहाटे धुक्यात निघालेले त्याचे मित्र केव्हाच सुरतला पोचले होते. "उगाच थांबवलंत तुम्ही दोघींनी. माझं काम गेलं."

तो बराच वेळ बोलत होता, रागावत होता. "जिवंत माणसंच म्हणतील," नानाभाऊ शेठना म्हणाले होते; मी त्यांच्या खाटेवर बसून त्याचा आवाज ऐकत राहिले.