लालबीचा शब्द

कापूस पिंजताना त्याचे बारीक तंतू घरभर तरंगायचे. गौस पिंजाऱ्याची चार वर्षांची लालबी त्यांच्यामागे धावत ओरडायची, "अम्मा, भुरकुली! भुरकुली!" हा शब्द तिला कुणी शिकवला नव्हता. त्याच साली गोवराने पोर गेली. मागे तेवढा शब्द राहिला.

गौस जत्रांतून कलगीवाल्यांच्या फडात स्वतःची कवने म्हणायचा. लेकीच्या दुःखात त्याने 'भुरकुली गेली वाऱ्यावरी' हे कवन रचले. "साऱ्या मुलखाला कळंल आपल्या पोरीचा शब्द," असे तो बायकोला, इमामबीला, म्हणाला होता.

चौसष्ट साली कुरुंदवाडच्या कलगी-तुऱ्याच्या सामन्यात समोरच्या फडातल्या तुरेवाल्या हंबीररावाने त्याला अडवले. "गौस, भुरकुली कुणाची? गुरूचं नाव सांग, न्हायतर डफ खाली ठेव!" रिवाजच तसा होता. ज्या शब्दामागे गुरू नाही तो निगुरा, आणि तो म्हणणारा हरला. गौसने आपल्या गुरूचे नाव ठोकून दिले, "उस्ताद चमनचा हाय." सामना जिंकून तो घरी आला. फडाची अडचण जाणून इमामबी गप्प बसली.

पुढे अठ्ठ्याहत्तर साली प्राध्यापक अंबादास गौसच्या कवनांचे पुस्तक करायला घरी आले. आता समोर फड नव्हता.

"शाहीर, भुरकुली शब्द आला कुठून?"

"उस्तादांचा. फारशी असंल बगा."

दाराआडून इमामबी म्हणाली, "आमच्या लालबीचा हाय की त्यो! पोरीनं केल्याला."

गौस हसला. "बायकांचं काय ऐकताय, सर? शेंबड्या पोरीचा शब्द शाहीर घेतोय व्हय?"

पुस्तक आले. शेजारच्या कालिंदीने शेवटची शब्दसूची वाचून दाखवली: 'भुरकुली. मूळ फारसी असावे. उस्ताद चमन यांच्या परंपरेतील शब्द.' इमामबीने ते पुन्हा एकदा वाचायला लावले.

गौसचा सत्कार ठरला. त्या सकाळी भुरकुलीच्या कवनाचा सराव करताना तो तिसऱ्या कडव्याला अडला. अडला की सांगायला आजवर इमामबीच असायची.

"फुडं काय गं?"

"छापलंय न्हवं? वाचा."

"मला कुठं वाचाय येतंय?"

"मग उस्तादाला इचारा. कबरीत हाय, पर तुमाला न्हाय म्हणायचा न्हाय."

सत्काराला गौसने तिसरे कडवे गाळून कवन म्हटले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मधले कडवे गेल्याचे कुणाच्या ध्यानातही आले नाही, हे त्याने घरी येऊन इमामबीला मोठ्या खुशीत सांगितले.